आजोबांनी केनियाचं नागरिकत्व का घेतलं नाही? आणि फोटोतल्या माणसाच्या गळ्यात काय आहे?

खटावकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आईचं माहेरघर रिकामं करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आजोबा औंधजवळच्या खेड्यातले. 1937 साली मुंबईहून बोटीने मोम्बासाला गेले, पुढे नैरोबीत पोस्टात कारकून झाले आणि 1969 ला कायमचे परत आले. आई तिथलीच, नैरोबीत जन्मलेली. पण ती त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नाही.

ट्रंकेत एक निळा पासपोर्ट आहे. 1965 साली नैरोबीतून दिलेला, ब्रिटिश. आत ‘सिटिझन ऑफ द युनायटेड किंगडम अँड कॉलनीज’ असं छापलंय. आजोबा आयुष्यात एकदाही इंग्लंडला गेले नाहीत. मग 1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाल्यावर, तिथे पंचवीस वर्षं घालवलेल्या माणसाने तिथलं नागरिकत्व का घेतलं नाही? घरात नेहमी ऐकलं ते एवढंच, की ‘काळ्यांनी आपल्याला हाकललं’. हे खरं आहे का? तो आपल्याविरुद्धचा वंशद्वेष होता का?

दुसरं म्हणजे एक फोटो आहे, मागे 1942 लिहिलंय. आजोबा, आजी, कडेवर मोठा मामा, शेजारचं एक कुटुंब. अगदी कडेला एक आफ्रिकन माणूस अनवाणी उभा आहे आणि त्याच्या गळ्यात दोरीला एक छोटी धातूची डबी लटकतेय. मला आधी ताईत वाटला. कोणाला माहीत आहे का?

नैरोबीची_लेक

खटावकर, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी नातीला शेजारी बसवून हे टाइप करून घेतेय. माझा जन्म 1946 चा, नैरोबीच्या ङारा भागातला. मराठीत कसं लिहायचं कळत नाही, काही जण एन्गारा म्हणतात. वडील रेल्वेत हिशेबनीस होते. तेवीस वर्षं तिथे काढली. तुमच्या आजोबांना ओळखत असेन-नसेन, पण ते घर मला ठाऊक आहे, कारण ते आमच्याही घरासारखंच असणार.

आधी डबी. तो ताईत नाही, त्याला किपांडे म्हणत. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकन पुरुषाला तो बाळगावा लागे. आत घडी घातलेला कागद: बोटांचे ठसे, कुठल्या जमातीचा, कोणत्या मालकाकडे कधीपासून, पगार किती, मालकाने सोडलं की नाही. मालकाने सही केल्याशिवाय दुसरीकडे काम मिळत नसे, आणि पोलिसाने विचारल्यावर कागद दाखवता आला नाही तर दंड नाही तर तुरुंग. पहिल्या महायुद्धानंतर हे सुरू झालं, 1947 ला बंद झालं. कागद भिजू नये म्हणून डबी, आणि डबी हरवू नये म्हणून गळ्यात. गुराच्या गळ्यात घंटा बांधतात तशी, हे तिथलीच माणसं म्हणत. गोऱ्यांना तो नव्हता. आपल्यालाही नव्हता. हे ‘आपल्यालाही नव्हता’ नीट लक्षात ठेवा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

आमच्या लहानपणी नैरोबी म्हणजे तीन मजल्यांचं घर होतं. वर गोरे, मधे आपण, तळाला ज्यांचा देश ते. शाळा तीन, दवाखान्यातले वॉर्ड तीन, रेल्वेचे डबे तीन, स्टेशनवरचे संडाससुद्धा तीन. उंचावरची, थंड हवेची सुपीक जमीन गोऱ्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवलेली. ती आपल्याला विकत घेता येत नसे, आणि तिथल्या किकुयू जमातीच्या लोकांना तर तिथून हुसकावलेलंच होतं. सरकारी नोकरीत त्याच कामाला गोऱ्याला शंभर शिलिंग मिळाले तर हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाला साठ, हे वडील अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजून दाखवत. आफ्रिकन माणसाला किती, हे मात्र त्यांनी कधी मोजून दाखवलं नाही. साठाचं दुःख खरं होतं, त्याखालचा आकडा आमच्या घरात कधी बोललाच गेला नाही.

आता जे सांगतेय ते मी माझ्या मुलांनाही उशिरा सांगितलं. 24 एप्रिल 1954, शनिवार. माऊमाऊची, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या बंडाची, धामधूम चालू होती, आणीबाणी लागून दीड वर्ष झालं होतं. त्या दिवशी पहाटे इंग्रजांनी अख्खं नैरोबी वेढलं आणि किकुयू, एंबू, मेरू माणसं घराघरांतून काढली. ऑपरेशन अ‍ॅन्व्हिल म्हणतात त्याला. डोक्यावर पोतं चढवलेला, फक्त डोळ्यांना भोकं ठेवलेला खबऱ्या रांगेतून मान हलवेल त्याप्रमाणे माणूस सुटणार की छावणीत जाणार हे ठरे. वीस हजारांहून जास्त माणसं अशी उचलली.

आमच्या घरामागच्या खोलीत आमचा गडी राहायचा. सात वर्षं आमच्याकडे होता. मला खांद्यावर बसवून शाळेच्या बसपर्यंत न्यायचा, आईकडून घडीच्या पोळ्या शिकलेला, आणि आईला स्वाहिली शिकवलेलं त्यानेच. वय चाळिशीचं असेल, डोक्यावर पांढरे केस होते. सगळ्या घरांत म्हणत तसं आम्हीही त्याला ‘बॉय’ म्हणायचो. मी आठ वर्षांची, मीसुद्धा. दोन शिपाई आणि एक गोरा अंमलदार मागच्या अंगणात आले. वडील स्टेशनवर अडकलेले. अंमलदाराने आईला विचारलं, तुमचा नोकर का, नाव काय, किती दिवस आहे? आईला नाव सांगता आलं नाही. सात वर्षं तिच्या चुलीपाशी बसून जेवलेल्या माणसाचं नाव तिला माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघायला लागली. मलाही माहीत नव्हतं. त्याला ट्रकमध्ये चढवलं. नाव सांगून तो सुटलाच असता असं नाही, पण आईने तो दिवस मरेपर्यंत मनातून काढला नाही, आणि मीही काढलेला नाही.

1959 मध्ये तो मागच्या दाराशी उभा राहिला. वाळलेला, पुढचे दोन दात नाहीत. काम मागायला नव्हता आला, खोलीत राहिलेली त्याची सायकल न्यायला आला होता. सायकल वडिलांनी कधीच कोणाला तरी देऊन टाकली होती. आईने त्या दिवशी पहिल्यांदा त्याला नाव विचारलं, आणि त्याने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, त्याची नातवंडं असतील. वडिलांनी सायकलीचे पैसे दिले. त्याने ते मोजून घेतले आणि गेला.

आता नागरिकत्व. 12 डिसेंबर 1963 ला उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य. आदल्या मध्यरात्री झेंडा बदलला तेव्हा मी सतरा वर्षांची होते, वडिलांनी आम्हाला घराबाहेर पडू दिलं नाही. नियम असा होता: ज्याचा जन्म तिथला आणि आई-वडिलांपैकी एकाचाही जन्म तिथला, तो आपोआप केनियाचा. बाकीच्यांना अर्ज करायला दोन वर्षं, 12 डिसेंबर 1965 पर्यंत. दुसरं नागरिकत्व ठेवायचं असेल तर हे नाही. तुमच्या आजोबांचा पासपोर्ट 1965 चा आहे ना? म्हणजे मुदत संपता संपता त्यांनी विचार करून ठरवलंय.

आमच्याकडे त्या दोन वर्षांत रोज रात्री हाच विषय. धाकटे काका नैरोबीजवळच्या थिका गावात दुकान चालवायचे, ते म्हणाले मी अर्ज करणार. वडील म्हणाले, वेडा झालास. त्यांची कारणं खोटी नव्हती. पेन्शन कोण देणार? जागा आता आफ्रिकन माणसांनी भरायच्या, हे तर उघडच होतं. झांझिबारचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं: तिथे डिसेंबर 1963 मध्ये स्वातंत्र्य आलं आणि 12 जानेवारीला क्रांती होऊन अरब आणि हिंदी लोकांच्या कत्तली झाल्या. रात्री रेडिओ लावून सगळे बसायचे. पण या सगळ्याच्या तळाशी एक वाक्य होतं. वडील काकांना म्हणाले, “उद्या त्यांच्या हाताखाली काम करणार तू?” काका वाढून ठेवलेलं पान तसंच सोडून उठले.

माझ्या मते बहुतेक घरांत नागरिकत्वाचा निर्णय 1965 ला झालाच नाही. तो फार आधी झालेला होता, ‘बॉय’ म्हणून हाक मारली तेव्हाच. तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास हिंदी माणसं केनियात होती, लोकसंख्येच्या शंभरातली दोन, आणि अर्ज करणारे त्यातले थोडे. ज्या माणसाचं नाव तुम्ही विचारलं नाहीत, त्याच्या शेजारी उभं राहून त्याच्या झेंड्याला सलाम करायचा, हे एका रात्रीत जमत नाही.

हाकललं का? 1967 ला दोन कायदे आले. नागरिक नसलेल्याला नोकरीला परवाना, आणि नागरिक नसलेल्याने गावोगाव व्यापार करायचा नाही. त्याने आपली माणसं घाबरली आणि विमानं भरभरून लंडनला पळू लागली. तर ज्यांच्या कागदावर आपला एवढा विश्वास, त्या इंग्रजांनी 1 मार्च 1968 ला मंजूर झालेला कायदा तीन दिवसांत पार्लमेंटातून काढून दरवाजा लावून घेतला. ज्याचा बाप किंवा आजा ब्रिटनमध्ये जन्मला नाही, त्या पासपोर्टवाल्याला सरळ प्रवेश नाही. कुटुंबप्रमुखांना वर्षाला फक्त दीड हजार परवाने. पासपोर्ट तोच, राणीचा शिक्का तोच, फक्त आता कातडी बघणार. मग भारतानेही अशा पासपोर्टवाल्यांना व्हिसा लावला. वडिलांनी ‘करंजा’ बोटीचं तिकीट काढलं. तुमचे आजोबाही 1969 ला बहुधा त्याच बोटीने आले असतील.

आणि तुम्ही औंधचे म्हणून एक सांगते. तुमच्या औंधच्या राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत 1948 पासून 1954 पर्यंत नैरोबीत भारताचे कमिशनर होते, नेहरूंनी पाठवलेले. ते आपल्या लोकांना जाहीरपणे सांगत की आफ्रिकन माणसांबरोबर उभे राहा, त्यांचं स्वातंत्र्य ते तुमचं स्वातंत्र्य. त्यांच्याच काळात आफ्रिकन मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. इंग्रजांना ते इतके खुपले की शेवटी दिल्लीच्या सरकारला त्यांना तिथून हलवावं लागलं. आमच्या वडिलांना त्यांचा भारी अभिमान, आपला माणूस म्हणून. पण त्यांनी सांगितलेलं घरी आणून वागणं वेगळं, ते आम्ही केलं नाही.

म्हापशेकर

आजी, तुमचं वाचून मी आमच्या आज्याची आठवण काढली. तोही नैरोबीला शिवणकाम करायचा. आम्हा गोंयकारांची तर त्याहून अजब गत. शिरगणतीत ‘हिंदी’ आणि ‘गोवन’ असे वेगळे रकाने होते आणि आमच्या लोकांना ते पाहिजेच होते. आम्ही पोर्तुगीज, आम्ही हिंदी नव्हे. आणि आमच्यातसुद्धा कारकुनांचा क्लब वेगळा, शिंप्यांचा वेगळा. म्हणजे तिथे जाऊनही गावची जात सोडली नाही. मग डिसेंबर 1961 ला गोवा मोकळा झाला तेव्हा नैरोबीत कित्येकांना कळेना आपण आता कोण.

पण खटावकर, आपल्यातले सगळेच तसे नव्हते हेही तुमच्या आईला सांगा. पियो गामा पिंटो हे नाव शोधा. 1927 ला नैरोबीत जन्म, शिक्षण गोव्यात आणि धारवाडला. गोव्यात पोर्तुगिजांविरुद्ध काम केलं, पकडणार असं झाल्यावर 1949 ला परत केनिया. आजींनी सांगितलेल्या त्या अ‍ॅन्व्हिलनंतर दोनच महिन्यांत त्यालाही उचलला आणि लामूजवळच्या मांडा बेटावरच्या छावणीत टाकला. पुढे काबारनेट गावात नजरकैद, 1959 पर्यंत. त्याला किपांडे नव्हता, त्याला कोणी विचारलं नसतं, तो गप्प बसून पोस्टात नाही तर बँकेत नोकरी करू शकला असता.

स्वातंत्र्य आल्यावर तो केनियाचा नागरिक, 1964 ला खासदार. आणि तिथेही जमीन कोणाला मिळणार यावरून सत्तेतल्या स्वतःच्याच माणसांशी भांडत राहिला: गोऱ्यांच्या जमिनी लढलेल्या भूमिहीनांना, की नव्या पुढाऱ्यांना? 24 फेब्रुवारी 1965 ला सकाळी घराच्या फाटकापाशी गाडीत गोळ्या घालून मारला. मागच्या सीटवर लहान मुलगी होती. वय सदतीस. स्वतंत्र केनियातली ती पहिली राजकीय हत्या.

पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या केन्याटांवर 1952-53 ला कापेनगुरियात खटला चालला तेव्हा बचावाच्या वकिलांतही आमचा फिट्झ डिसोझा होता, आणि दिल्लीहून नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना पाठवलेलं. कामगार पुढारी मखनसिंग तर 1950 लाच नैरोबीच्या सभेत उभा राहून ‘पूर्ण स्वातंत्र्य’ म्हणाला आणि त्यापायी अकरा वर्षं स्थानबद्ध राहिला. मला राग येतो तो एवढ्याचाच, की आमच्या घरात यांची नावं कोणी घेत नव्हतं. आज्या म्हणायचा, ‘तो पिंटो कशाला मधे पडला?’

वऱ्हाडी_वाचक

आजींबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. सगळा दोष आपल्याच माणसांच्या पदरात घालणं मला पटत नाही. रेल्वे बांधताना अडीच हजार मजूर मेले ते आपलेच होते, पंजाबातून नेलेले. दुकानं काढली ती जंगलात, जिथे कोणी जात नव्हतं. आणि ज्यांनी नागरिकत्व घेतलं त्यांचं तरी काय झालं? ऑगस्ट 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून नव्वद दिवसांत निघा म्हणून सांगितलं. ज्यांच्याकडे युगांडाचे कागद होते त्यांचेही तपासणीत फाडले. माझ्या मामेसासऱ्यांनी कंपाला सोडलं ते अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यांनी कोणाला ‘बॉय’ म्हटलं असेल वा नसेल, शिक्षा ही कातडी बघूनच झाली. त्यालाही वंशद्वेषच म्हणायला हवं.

नैरोबीची_लेक

वऱ्हाडी, म्हणायलाच हवं. मी म्हणते. तुमच्या मामेसासऱ्यांवर झाला तो अन्यायच, आणि माझ्या आईला नाव माहीत नव्हतं म्हणून तो न्याय ठरत नाही. ही दोन्ही दुःखं एकमेकांत वळती करून घ्यायची नाहीत.

पण अमीन म्हणजे आफ्रिका नव्हे. त्याने आपल्यापेक्षा किती तरी जास्त आफ्रिकन माणसं मारली. शेजारच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, 1961 मध्ये पार्लमेंटात मागणी झाली की नागरिकत्व फक्त काळ्यांना द्या, तेव्हा तिथले पंतप्रधान न्येरेरे उभे राहिले आणि म्हणाले की कातडीवर नागरिकत्व ठरणार असेल तर आमचं सरकार राजीनामा देईल. आपल्यातले अमीर जमाल त्यांच्याकडे पुढे अर्थमंत्री होते. 1971 ला त्याच देशात भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती सरकारने घेतल्या, त्या बहुतेक आपल्या लोकांच्याच होत्या, हेही मी विसरत नाही.

थिकाच्या काकांचं सांगते. त्यांनी कागद घेतले. तरी 1969 ला एका बाबूने त्यांना, नागरिकाला, दुकान बंद करण्याची नोटीस धाडली. काका कागद घेऊन कचेरीत तीन दिवस बसले. दुकान वाचलं. नंतरही त्रास झाला, परवान्याला प्रत्येक वेळी जास्तीचे पैसे द्यावे लागले, ते मुहिंदी, म्हणजे स्वाहिलीत हिंदी माणूस, म्हणूनच. पण ते तिथेच राहिले, तिथेच वारले, आणि अंत्ययात्रेला थिकातली निम्मी माणसं किकुयू होती. चुलतभाऊ अजून तिथेच आहे. 2017 च्या जुलैत सरकारने केनियातल्या आशियाई लोकांना देशातली 44 वी जमात म्हणून जाहीर केलं, त्या दिवशी त्याने मला ठाण्याला फोन केला आणि बोलताच येईना त्याला. चोपन्न वर्षं लागली. काका असते तर म्हणाले असते, मी 1965 लाच झालो होतो.

माझे वडील ठाण्यात 1988 ला गेले. शेवटी शेवटी ते स्वाहिलीतच बोलत, आणि वॉर्डातल्या कोणालाही ते कळत नसे.

खटावकर

आजी, म्हापशेकर, वऱ्हाडी, तुम्हा सगळ्यांचं वाचून काल आईजवळ बसलो. फोटो दाखवला. मागे आजोबांनी शाईने एकेक नाव लिहिलंय, डावीकडून उजवीकडे, शेजारच्यांच्या तान्ह्या मुलाचंसुद्धा. शेवटच्या जागी फक्त ‘बॉय’.

आईला विचारलं, तर म्हणाली हा माणूस तिच्या जन्माआधीच गेला असणार. पण त्याच्यानंतर आलेला तिला आठवतो. तो तिला झोपवताना एक गाणं म्हणायचा. ती ते म्हणू लागली. शब्द तिला पूर्ण आठवत नाहीत आणि अर्थ मुळीच माहीत नाही. मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय. आजी, ते स्वाहिली आहे की किकुयू, एवढं सांगाल?

नैरोबीची_लेक

पाठवा. किकुयू असेल तर मला कळणार नाही, तेवढी भाषा आम्ही शिकलोच नाही. चुलतभावाला ऐकवते, त्याच्या सुनेची माहेरची भाषा किकुयूच आहे.